डबा म्हणू नका, माप म्हणा

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार,

मागच्या आठवड्यात तुमच्या विद्यार्थ्यांच्या पानावर प्रोग्रॅमिंगचा जो लेख आला तो मी दोनदा वाचला, एकदा सकाळी संस्थेत दूध घालणाऱ्यांची रांग संपल्यावर आणि एकदा रात्री मुलीला दाखवताना. मराठीत असलं काही छापून येतं हेच मोठं आहे, त्यामुळं आधी आभार. पण दोन गोष्टी खटकल्या आणि त्या लिहिल्याशिवाय चैन पडेना. एक म्हणजे लेखात लिहिलंय की व्हेरिएबल (प्रोग्रॅममध्ये नाव देऊन किंमत ठेवायची जागा) म्हणजे डबा, त्यात काहीतरी ठेवायचं. आणि दुसरं, खाली चौकटीत तक्ता दिलाय, इंट म्हणजे पूर्णांक, फ्लोट म्हणजे दशांशवाला आकडा, कॅरेक्टर म्हणजे एक अक्षर, आणि इंटची मर्यादा उणे ३२७६८ ते ३२७६७. हा तक्ता पोरं पाठ करणार, परीक्षेत लिहिणार, दोन मार्क घेणार आणि विसरणार. मी पण तेच केलेलं.

मी काही इंजिनियर नाही. बी.कॉम. झालेला माणूस, गावच्या दूध संस्थेत सचिव. पण १९९८ साली तालुक्याच्या गावी कॉम्प्युटरचा क्लास केला होता, तेव्हा सी लँग्वेज शिकवायचे, निळ्या स्क्रीनचं टर्बो सी, आठ पोरांत दोन कॉम्प्युटर आणि लाइट गेली की घरी. सरांनी फळ्यावर इंट, फ्लोट, कॅर लिहिलं, आम्ही उतरवून घेतलं. इंट का म्हणायचं आणि फ्लोट का म्हणायचं हे त्यांनी सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही.

मग मला हौस आली की आपल्या दुधाचा हिशोब करू. घरच्या तीन म्हशी आणि एक गाय, वर्षाचं दूध साधारण ३५०० लिटर धरलं, दर १० रुपये धरला, गुणाकार केला. उत्तर यायला पाहिजे ३५०००. स्क्रीनवर आलं उणे ३०५३६. म्हणजे वर्षभर दूध घालून मीच संस्थेला तीस हजार देणं! शेजारचा पोरगा इतका हसला की सर आले. सर म्हणाले, अरे लाँग घे (इंटपेक्षा मोठं माप). बास, एवढंच. मी एकूण रकमेच्या व्हेरिएबलला इंटच्या जागी लाँग केलं, परत चालवलं, परत उणे ३०५३६. सर म्हणाले, प्रिंट करताना पर्सेंट डी लिहिलंयस, ती इंट छापायची खूण, लाँगसाठी पर्सेंट एलडी लिही. लिहिलं. परत उणे ३०५३६. आता सरांना पण उशीर होत होता. शेवटी एस.टी.त बसल्या बसल्या वहीत बघताना डोक्यात आलं की लिटर पण इंट आहे आणि दर पण इंट आहे, दोघांचा गुणाकार आधी इंटच्याच मापात होतोय आणि तो बिघडल्यावर मग मोठ्या मापात ओतला जातोय. दुसऱ्या दिवशी तिन्ही लाँग केले आणि ३५००० आले. त्या दिवशी मला डेटा टाइप (कशाला कोणतं माप) कळला, तक्त्यानं नाही.

म्हणून मी म्हणतो डबा म्हणू नका. डबा म्हटलं की पोराला वाटतं त्यात डाळ टाका, साखर टाका, खिळे टाका, झाकण लागलं म्हणजे झालं. आपल्याकडं याला चांगला शब्द आहे, माप. आमच्या आजीच्या वेळी धान्य चिपट्या-मापट्यानं मोजायचे, दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, दोन शेर म्हणजे अधोली, दोन अधोल्या म्हणजे पायली. प्रत्येक माप आधीच्याच्या दुप्पट. आता सी मधली मापं बघा, कॅर १ बाइट (बाइट म्हणजे आठ बिट, बिट म्हणजे ० किंवा १ ठेवायची जागा), शॉर्ट २ बाइट, आजचा इंट ४ बाइट, लाँग लाँग ८ बाइट. तीच चिपट्या-मापट्याची उतरंड! हे मी मुलीला सांगितलं तर तिला चिपटं माहीत नव्हतं, माळ्यावरून काढून दाखवावं लागलं, ते जाऊद्या. फरक एकच. धान्याच्या मापाला शीग लावली तर जास्तीचं खाली सांडतं, दिसतं तरी. इथं ३२७६७ भरल्यावर अजून एक दाणा टाकला की माप उलटं होऊन उणे ३२७६८ दाखवतं, आणि कोणी ओरडत नाही.

आणि तक्त्यातली ती मर्यादा आता दुरुस्त करा साहेब. ३२७६७ ही डॉसच्या जमान्यातल्या १६ बिटवाल्या टर्बो सीची मर्यादा आहे. आजच्या साध्या लॅपटॉपवर, मोबाइलवर इंट सहसा ३२ बिटचा असतो, म्हणजे उणे २१४७४८३६४८ पासून २१४७४८३६४७ पर्यंत, दोनशे चौदा कोटींच्या वर. हा आकडा सुद्धा पुरत नाही कधी कधी. २०१४ च्या डिसेंबरात यूट्यूबवर एका कोरियन गाण्याचे व्ह्यूज या आकड्याच्या वर गेले तेव्हा त्यांना मोजणीचं माप ६४ बिटचं करायला लागलं. आणि आपल्या रोजच्यातलं बघायचं तर आपला मोबाइल नंबर. दहा आकडी, सुरुवात ६, ७, ८ नाहीतर ९ ने, म्हणजे कमीत कमी सहाशे कोटी. तो इंटमध्ये बसतच नाही. पोरं पहिल्याच प्रोजेक्टमध्ये मोबाइल नंबरला इंट लिहितात आणि मग तिसराच नंबर छापून येतो म्हणून रडतात.

पण मुळात मोबाइल नंबर हा नंबर आहे का? माझा आणि तुमचा मोबाइल नंबर मिळवून काय येणार? ज्याची बेरीज करायची नाही, सरासरी काढायची नाही, तो आकड्यांत लिहिलेला मजकूर आहे, त्याला स्ट्रिंग म्हणा. आधार नंबर तसाच, बँकेचा खाते नंबर तसाच. खाते नंबरच्या पुढं शून्यं असतात, त्याला आकडा केला की पुढची शून्यं गळून जातात आणि पैसे परत येतात. हा अनुभव आमच्या संस्थेला सभासदांची यादी एक्सेलमध्ये करून पाठवताना आलाय. आधार नंबरचे १२ आकडे टाकले की एक्सेल ते १.२३ इ ११ असलं काहीतरी दाखवायला लागतं, आणि १६ आकडी खाते नंबर असेल तर शेवटचा आकडा गुपचूप शून्य करतं, कारण त्याला १५ आकड्यांपर्यंतच नीट लक्षात राहतं. आधी कॉलम टेक्स्ट करून घेतला असता तर काही झालं नसतं. म्हणजे कॉलमला टेक्स्ट करणं हे पण डिक्लेअर करणंच (आत काय ठेवणार त्याचा प्रकार आधीच सांगणं) आहे की. पोरं म्हणतात आम्हाला प्रोग्रॅमिंग येत नाही, आणि रोज एक्सेलमध्ये हेच करतात.

एक्सेलवरून आठवलं. एका सरकारी ऑफिसातून (नाव नको) आम्हाला शेतकऱ्यांची यादी आली होती, त्यात गट नंबरच्या रकान्यात ५ फेब्रुवारी, १२ मार्च, ७ जून अशा तारखा. आम्ही चार जण बसून डोकं खाजवतोय, गटाला तारीख कशी? मग ट्यूब पेटली. गट नंबर ५ हिस्सा २, म्हणजे ५/२. एक्सेलनं बघितलं, मध्ये तिरकी रेघ, ही तारीखच, आणि केली तारीख. ज्या राज्यात जमिनीच्या कागदालाच सातबारा म्हणतात तिथं हे व्हायचंच. आणि हसू नका, शास्त्रज्ञांच्या बाबतीत पण झालंय. मार्च १, सेप्ट १ अशी माणसाच्या जनुकांची नावं होती, एक्सेल त्यांच्या तारखा करायचं, शेवटी २०२० मध्ये जनुकांना नावं देणाऱ्या समितीनं नावंच बदलून टाकली. एक्सेल बदलायला सांगण्यापेक्षा जनुकाचं बारसं परत करणं सोपं पडलं.

जमिनीचंच अजून एक. आमच्याकडं बोलताना लिहिताना २ एकर २० गुंठे म्हणजे २.२० असं लिहितात. एकराला ४० गुंठे, म्हणजे हे झाले अडीच एकर. आता हा आकडा फ्लोट म्हणून घेतला की कॉम्प्युटर आधी शेवटचं शून्य खातो, २.२ करतो, आणि ज्याला माहीत नाही तो वाचतो २ एकर २ गुंठे. अठरा गुंठे गेले. बरं २.२० मध्ये दुसऱ्या भावाचे १.३० मिळवा, मशिन म्हणणार ३.५०, आणि खरं उत्तर ४ एकर १० गुंठे. कॅल्क्युलेटर चुकलेला नाही, बेरीज अगदी बरोबर आहे, फक्त ते दशांशचिन्ह दशांशचिन्ह नव्हतंच. एकर वेगळ्या इंटमध्ये आणि गुंठे वेगळ्या इंटमध्ये घ्यायला पाहिजेत, किंवा सरळ सगळ्याचे गुंठे करा, १०० आणि ७०, झाले १७०. क्रिकेटमध्ये ४.३ ओव्हर म्हणजे साडेचार, हे गल्लीतल्या पोराला पण कळतं, ४.३ आणि ४.३ मिळून तो ९ ओव्हरच म्हणतो, ८.६ नाही. तेच पोरगं वर्गात गेलं की पॉइंट दिसला की फ्लोट लिहितं.

आता फ्लोटची खरी गंमत, आणि ही दुधाशिवाय सांगता येणार नाही. दूध संस्थेत दर नुसत्या लिटरवर नसतो, फॅट आणि एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) बघून तक्त्यातून दर लागतो, गाईच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ हा पाया. सुरुवातीला आम्हाला एका ओळखीच्या पोरानं सी मध्ये छोटा प्रोग्रॅम करून दिला होता. फॅट टाकायची, तक्त्यात जुळली की दर. पहिल्या दिवशी सकाळी ३.५ वाल्याला दर आला, ४.० वाल्याला आला, ४.५ वाल्याला आला, आणि ४.१ वाल्याला शून्य रुपये. ४.२ ला शून्य. ३.८ ला शून्य. लोक चिडले, एकानं तर चिठ्ठी फाडून टेबलावर टाकली, माझंच दूध काय नासकं आहे का म्हणून. पोरगं दोन दिवस डोकं धरून बसलं. झालं असं होतं की कॉम्प्युटर आकडा दोनच्या पाढ्यात साठवतो, अर्धा, पाव, अर्धपाव असं. ३.५ म्हणजे तीन आणि अर्धा, बसला फिट. ४.१ मधला एक दशांश हा अर्धा, पाव, अर्धपाव कितीही जोडत गेलात तरी पूर्ण होत नाही, जसं आपल्याला एक भागिले तीन लिहायला गेलं की ०.३३३३ संपतच नाही. मग तो कुठंतरी तोडतो. फॅट होती फ्लोटमध्ये, ४ बाइटवर तोडलेली. प्रोग्रॅममध्ये लिहिलेला ४.१ होता डबल, ८ बाइटवर तोडलेला. दोन्ही जवळजवळ ४.१, पण एकसारखे नाहीत, आणि प्रोग्रॅमला विचारलं होतं बरोब्बर सारखे आहेत का. तो खरं बोलला, नाहीत.

उपाय काय केला, फॅट दहापट करून इंटमध्ये ठेवली. ४.१ चे ४१. रुपयांचे पैसे करून ठेवले. तेव्हापासून कटकट नाही. ज्यांना खोटं वाटतं त्यांनी पायथनमध्ये (ही पण सी सारखी प्रोग्रॅमिंगची लँग्वेज) ०.१ आणि ०.२ ची बेरीज करून बघा, ०.३ येत नाही, ०.३००००००००००००००…४ येतं. म्हणून पैशाचा हिशोब फ्लोटमध्ये ठेवू नये असं जाणकार सांगतात. तुमच्या तक्त्यात फ्लोटपुढं उदाहरण दिलंय ते किमतीचं, ९९.५०. उदाहरण नेमकं तेच दिलं जे फ्लोटमध्ये ठेवू नये!

आमच्याकडं शून्य दर आला, चिठ्ठी फाटली, संपलं. सगळीकडं एवढ्यावर भागत नाही. २५ फेब्रुवारी १९९१ ला आखाती युद्धात सौदीतल्या धाहरानला अमेरिकेचं पॅट्रियट क्षेपणास्त्र येणाऱ्या इराकी स्कड क्षेपणास्त्राला अडवू शकलं नाही आणि २८ सैनिक गेले. त्याचं घड्याळ दशांश सेकंदात मोजायचं, तोच तो ०.१, २४ बिटमध्ये तोडलेला. प्रत्येक टिकटिकीला चूक इवलीशी, पण यंत्र सलग १०० तास चालू होतं आणि चूक साठत साठत ०.३४ सेकंद झाली. एवढ्या वेळात स्कड अर्ध्या किलोमीटरहून जास्त पुढं जातं, म्हणजे हे आभाळात भलतीकडंच बघत होतं. आणि माझं ते ३२७६७? ४ जून १९९६ ला युरोपचं एरियन ५ रॉकेट पहिल्याच उड्डाणात चाळीस सेकंदांच्या आत फुटलं. ६४ बिटच्या फ्लोटमधला आडव्या वेगाचा आकडा १६ बिटच्या इंटमध्ये ओतायला गेले, बसला नाही. तो कोड जुन्या एरियन ४ वरून जसाच्या तसा उचललेला होता, त्या रॉकेटचा वेग त्या मापात मावायचा, याचा मावला नाही. वर राखीव म्हणून दुसरा कॉम्प्युटर होता, त्यात पण तोच कोड, तो पण त्याच कारणानं बंद पडला. चार उपग्रह होते आत. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा खरं सांगतो, आधी वाईट वाटलं आणि मग जरा बरं पण वाटलं, माझ्या दुधाच्या बिलात आणि त्यांच्या रॉकेटात एकच भोक.

आता डिक्लेअर करायचं म्हणजे काय याच्याबद्दल. तुमच्या लेखात आहे की पायथनमध्ये डिक्लेअर करावं लागत नाही म्हणून तो सोपा. सोपा आहेच, नाही म्हणत नाही, मुलगी बीसीए पहिल्या वर्षाला आहे, तिला पायथन आहे आणि ती माझ्यापेक्षा चौपट वेगानं शिकतीय. पण पायथन विचारत नाही याचा अर्थ त्याच्याकडं प्रकार नाहीत असा नाही. तो तुम्ही दिलेल्या वस्तूकडं बघून स्वतः ठरवतो, आणि तुम्ही काय दिलंय हे तुम्हालाच माहीत नसलं तर गोंधळ. तिचा पहिला प्रोग्रॅम दुधाचाच होता (घरात दुसरं काय). लिटर विचारायचे, ३५ च्या दरानं गुणायचे. तिनं ६ टाकले. स्क्रीनवर ६६६६६६६६ अशी रांगच्या रांग आली. मी मोजले, बरोबर ३५ सहा. कीबोर्डवरून आलेलं सगळं पायथन मजकूर समजतो, आणि मजकुराला ३५ ने गुणलं की तो तोच मजकूर ३५ वेळा लिहितो. इंट लावून आकडा केला की आले २१०. मग तिनं हुशारीनं साडेसहा टाकून बघितलं तर एरर, कारण ६.५ असं लिहिलेला मजकूर इंट घेतच नाही, त्याला फ्लोट लावायला पाहिजे. मी म्हटलं बघ, डिक्लेअर करावं लागत नाही म्हणत होतीस, दोन वेळा सांगावं लागलंच ना लिटर म्हणजे काय ते.

तुमच्या वाचकांना एक गोष्ट नक्की आवडेल, पायथन ३ मध्ये व्हेरिएबलचं नाव मराठीत, देवनागरीत चालतं. लिटर = , दर = , एकूण = असं लिहा, पळतं. आणि मजकूर म्हणून आलेला मराठी ६ पण इंट लावला की त्याला कळतो. (थेट प्रोग्रॅममध्ये मात्र आकडे इंग्रजीच लिहायचे, मराठी आकडा लिहिला की एरर.) आम्ही दोघं त्या नादात रात्री अकरापर्यंत बसलो आणि तिथंच सगळ्यात मोठा धडा मिळाला. दहा दिवसांचं बिल काढायचं होतं. वर एकूण शून्य धरलं, खाली रोजची रक्कम मिळवत गेलो, शेवटी एकूण छापलं, तर शून्य. एरर नाही, काही नाही, नुसतं शून्य. अर्धा तास गेला. वर तिनं लिहिलेलं एकूण, ण च्या आधी दीर्घ ऊकार. आतल्या ओळीत बरोबरच्या चिन्हाच्या उजवीकडं एकूण नीट होतं, पण डावीकडं मी टाइप केलेलं एकुण, ऱ्हस्व. पायथन म्हणाला ठीक आहे, ही दोन वेगळी नावं दिसतात, आणि आतल्या ओळीत नवीनच व्हेरिएबल तयार करून रोज त्यात रक्कम टाकत बसला, वरचं एकूण बिचारं रिकामं. सी असता तर पहिल्या फटक्यात थांबवलं असतं, हे एकुण कोण, याची ओळख करून दिलेली नाही, मी आत घेणार नाही. सातवीत मराठीच्या बाईंनी ऱ्हस्व-दीर्घासाठी जेवढं मारलं नसेल तेवढं त्या रात्री लागलं. डिक्लेअर करायचा खरा फायदा हा आहे आणि तो तुमच्या लेखात एका ओळीनं पण नाही.

सी मध्ये एक खोड आहे ती पण सांगा. नुसतं इंट एकूण लिहून पुढं गेलात आणि शून्य ठेवलं नाहीत, तर फंक्शनच्या आतल्या त्या व्हेरिएबलमध्ये काय असेल याचा नेम नाही, त्या जागी आधी जे काही पडलेलं असेल तेच. आमच्याकडं कालचा कॅन न धुता त्यात आजचं दूध ओतलं तर काय होतं हे कोणाला सांगायला नको. जावा असला तर तो आधी किंमत ठेव म्हणून अडवतो, सी अडवत नाही, त्याला वाटतं तू धुतला असशील.

राहिलं कॅरेक्टर. तक्त्यात लिहिलंय एक अक्षर, १ बाइट. इंग्रजी ए साठी खरं आहे. मराठी म साठी नाही! युनिकोडच्या यूटीएफ ८ पद्धतीत (सगळ्या लिप्या कॉम्प्युटरमध्ये साठवायची पद्धत) देवनागरीचा एक एक तुकडा ३ बाइट घेतो, तो १ बाइटच्या कॅरमध्ये मावत नाही. आणि अक्षर म्हणजे तरी काय, म्हैस आपल्याला दोन अक्षरी, पायथनला लांबी विचारा, तो म्हणतो ५. म, पाय मोडायची खूण, ह, दोन मात्रा, स. आमच्या संस्थेचं सॉफ्टवेअर इंग्रजीवरून मराठीवर आणलं तेव्हा करणाऱ्यानं नावाची जागा तीच २० बाइटची ठेवली. इंग्रजीत २० अक्षरं मावायची, मराठीत सहा तुकडे बसतात आणि दोन बाइट उरतात, त्या जागी चौकोन किंवा प्रश्नचिन्ह. गावातले सगळे ज्ञानेश्वर चिठ्ठीवर ज्ञाने झाले. महिनाभर पोरं एकमेकांना त्याच नावानं हाका मारत होती.

आणि बूलियन, खरं-खोटं, त्यावर तुम्ही दोन ओळीत आटपलंत ते बरंच केलंत, तिथं फार काही नाही. तारखेबद्दल मात्र लिहा कधीतरी. आमच्या आईची जन्मतारीख १ जून, तिच्या तिन्ही भावांची पण १ जून, मास्तरांनी शाळेत नाव घालताना जी सोयीची वाटली ती. फॉर्मला पूर्ण तारीख पाहिजे, माहीत नाही असं लिहायला त्यात जागाच नाही, मग लोक १ जून टाकतात आणि मशिनला वाटतं या गावात त्या एका दिवशी पाळण्यांची नुसती रांग लागत होती.

तर विनंती एवढीच की पुढच्या लेखात तक्ता छापायच्या आधी एखादा सातबारा, दुधाची एखादी चिठ्ठी, एखादं पासबुक घ्या आणि पोरांना म्हणा, यातल्या एकेका रकान्याचा प्रकार ठरवा आणि का ते सांगा. गट नंबर काय, क्षेत्र काय, फॅट काय, खाते नंबर काय. वर्गात भांडणं होतील, होऊ द्या. आमच्या घरी फॅट इंट का फ्लोट यावर मुलगी अजून माझं ऐकत नाही, ती म्हणते पायथनमध्ये डेसिमल नावाचा वेगळा प्रकार आहे तो वापरायचा, दहापट करत बसायचं ते तुमच्या काळात. तिचं बरोबर असेल. पण तक्त्यातला इंट तेवढा दुरुस्त करा.

कळावे,
एक वाचक, दूध संस्थेचा सचिव
वाळवा तालुका, जि. सांगली

ता.क. जुन्या सिस्टिममध्ये वेळ पण ३२ बिटच्याच मापात ठेवलेली असते, १ जानेवारी १९७० पासून किती सेकंद झाले ते मोजत. ते माप भरतंय १९ जानेवारी २०३८ ला, आपल्या घड्याळात सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी, आणि पुढच्या सेकंदाला असलं मशिन १९०१ सालच्या डिसेंबरात जाणार. मंगळवार आहे त्या दिवशी. सकाळचं संकलन चालू असेल, रांगेत निम्मी माणसं उभी असतील. आमचा तो कोपऱ्यातला जुना कॉम्प्युटर तोवर टिकला तर चिठ्ठ्या हातानं फाडायला लागतील, पुस्तकं मी जपून ठेवलीत.